प्रकाशाला वाट देणारी चित्रकर्ती : ईव्ही होन

निर्गमाच्या पुस्तकातील एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाच्या एका कारागिराची हकीगत आहे. निवासमंडपाच्या कामासाठी परमेश्वराने त्याला नाव घेऊन बोलावले आणि आपल्या आत्म्याने त्याला परिपूर्ण केले, असे तेथे सांगितले आहे. बसालेल संदेष्टा नव्हता, याजकही नव्हता. सोने, चांदी, पितळ, रत्ने आणि लाकूड यांत काम करणारा तो एक हस्तकुशल मनुष्य होता. तरी त्याच्या हातांतील कसब हे देवाच्या आत्म्याचे दान आहे, असे शास्त्र निःसंदिग्धपणे सांगते.

हा अध्याय आपण वाचतो खरा, परंतु तो आपल्या विचारात मुरलेला नसतो. देवाची सेवा म्हटली की उपदेश, शिक्षण, रुग्णसेवा किंवा मठवास हीच क्षेत्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. एखाद्या मुलीच्या हाती रेषा आणि रंग यांचे वरदान असेल, तर ते फावल्या वेळेचे मानले जाते. हाच प्रश्न एका आयरिश चित्रकर्तीच्या आयुष्यात फार तीव्रतेने उभा राहिला. देवासाठी तिने आपली कला सोडून दिली, आणि पुढे त्याच देवासाठी ती पुन्हा हाती घेतली. तिचे नाव ईव्ही होन. विसाव्या शतकातील काचचित्रकलेत तिचे नाव आदराने घेतले जाते.

बालपण आणि आजार

ईव्हा सिडनी होन हिचा जन्म २२ एप्रिल १८९४ रोजी डब्लिन परगण्यातील रोबक ग्रोव्ह येथे झाला. घरी सर्वजण तिला ईव्ही म्हणत. वडील जोसेफ होन यांचा माल्टचा व्यवसाय होता. घराणे संपन्न आणि प्रॉटेस्टंट होते. चित्रकलेचा वारसाही त्या घराण्यात जुना होता. अठराव्या शतकातील प्रसिद्ध व्यक्तिचित्रकार नॅथॅनिएल होन हे याच कुळातले.

ईव्ही अकरा-बारा वर्षांची असताना तिच्यावर मोठे संकट आले. ईस्टरसाठी चर्च सजवण्याच्या कामात ती हातभार लावीत होती. त्या वेळी ती पडली आणि पाठोपाठ पोलिओने तिला गाठले. तेव्हा या रोगावर लस नव्हती. पुढील कित्येक वर्षे डॉक्टर, उपचार आणि लांबलचक विश्रांती यांत गेली. तिचे चालणे कायमचे अधू झाले, हातातही पुरेसे बळ उरले नाही. पुनरुत्थानाच्या सणाची तयारी करताना एका बालिकेच्या वाट्याला जन्मभराचे पंगुत्व यावे, यातील गूढ उकलण्याचा प्रयत्न आपण न केलेला बरा. पुढे याच हातांनी तिने पुनरुत्थित ख्रिस्ताची साक्ष अनेक मंदिरांच्या खिडक्यांत उभी केली, एवढे मात्र खरे.

१९११ साली तिला इटलीतील असिसी हे नगर पाहण्याची संधी मिळाली. संत फ्रान्सिसचे हे गाव. तेथील मंदिराच्या भिंतींवर त्याच्या जीवनातील प्रसंग चित्रित केलेले आहेत. त्यांचा तिच्या कोवळ्या मनावर खोल ठसा उमटला. भक्ती आणि चित्र या दोन वस्तू वेगळ्या नसतात, हे तिने तेथे प्रथम डोळ्यांनी पाहिले.

लंडन आणि पॅरिस

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ईव्ही होन लंडन येथे चित्रकला शिकू लागल्या. बायम शॉ यांच्या कलाशाळेनंतर वेस्टमिन्स्टर येथे वॉल्टर सिकर्ट यांच्या वर्गात त्यांनी शिक्षण घेतले. बर्नार्ड मेनिन्स्की या चित्रकारांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. वेस्टमिन्स्टर येथे १९१७ साली त्यांची डब्लिनच्याच मेनी जेलेट हिच्याशी ओळख झाली. जेलेट तीन वर्षांनी लहान, उत्साही आणि बोलकी; होन शांत, संकोची आणि प्रकृतीने दुर्बल. या दोघींची मैत्री पुढे सत्तावीस वर्षे टिकली.

१९२० साली होन पॅरिसला गेल्या. जेलेटही लवकरच तेथे आल्या. प्रथम त्या आंद्रे लोत यांच्याकडे शिकल्या. परंतु दोघींना आणखी मुळाशी जायचे होते. क्यूबिझम या नव्या पंथातील एक अग्रगण्य चित्रकार आल्बेर ग्लेझ यांच्याकडे त्या गेल्या आणि शिकवण्याची विनंती केली. ग्लेझ तोवर शिक्षक नव्हते, विद्यार्थी घेण्याची त्यांची इच्छाही नव्हती. या दोन आयरिश तरुणींनी मात्र त्यांना माघार घेऊ दिली नाही. त्यानंतर सुमारे दहा वर्षे, सवड मिळेल तशी, दोघी त्यांच्याबरोबर काम करीत राहिल्या.

ग्लेझ यांच्या चित्रपद्धतीत माणूस, झाड, घर असे काही ओळखू येईल असे नसे. रंगांचे सपाट आकार एकमेकांवर सरकवावेत, थोडे फिरवावेत आणि त्यांतून चित्राला लय आणावी, अशी ती रीत होती. वरवर पाहता हे फार आधुनिक वाटते. परंतु ग्लेझ यांची दृष्टी मागे, मध्ययुगीन ख्रिस्ती कलेकडे वळलेली होती. त्या कलेत चित्र हे बाह्य जगाची नक्कल नसून ध्यानाचे साधन असते, असे ते मानीत. ही शिकवण होन यांच्या अंतःकरणात रुजली. त्यांच्या त्या काळातील निराकार चित्रांतही एक प्रकारची प्रार्थनामयता जाणवते.

डब्लिनमध्ये मात्र या कलेचे स्वागत झाले नाही. १९२३ साली जेलेट यांनी आपली चित्रे मांडली, तेव्हा जॉर्ज रसेल यांच्यासारख्या नामवंत कवी-समीक्षकानेही त्या कलेची गणना रोगात केली. तरीही १९२४ साली दोघींनी डब्लिन येथे एकत्र प्रदर्शन भरवले. आयर्लंड नुकताच स्वतंत्र झाला होता आणि यादवीच्या जखमा ताज्या होत्या. अशा काळात लोकांना ओळखीची, आपल्या डोंगरांची आणि शेतकऱ्यांची चित्रे हवी होती. दोन स्त्रियांची ही अनोळखी भाषा समजून घेण्यास फार थोडे तयार होते.

ट्रूरो येथील दोन वर्षे

प्रदर्शनानंतर वर्षभरातच होन यांनी एक निर्णय घेतला. १९२५ साली त्यांनी कलेचा मार्ग सोडला आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील ट्रूरो येथे, अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात प्रवेश केला. पॅरिसचे शिक्षण आणि नुकतेच मिळू लागलेले नाव त्यांनी मागे ठेवले. त्या वेळी त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते.

प्रिय वाचकहो, हा प्रसंग आपण हलकेपणाने घेऊ नये. ज्याचे मन देवाकडे पूर्णपणे ओढले गेले आहे, त्याला सर्वस्व अर्पण करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. आणि ज्या वस्तूवर आपले सर्वांत अधिक प्रेम आहे तीच प्रथम वेदीवर ठेवावी, असेही वाटते. अब्राहामाने मोरिया देशातील डोंगरावर हेच केले. परंतु त्या डोंगरावर अब्राहामाला त्याचा पुत्र परतही मिळाला, हे आपण विसरतो. दोन वर्षांनी, १९२७ साली, होन मठातून बाहेर आल्या आणि पुन्हा चित्रे काढू लागल्या. मठ सोडला तरी त्यांची भक्ती उणावली नाही. तेथून पुढे त्यांच्या आयुष्यात प्रार्थना आणि कला या दोन वेगळ्या वाटा राहिल्या नाहीत.

काचेकडे

१९३१ साली पॅरिस येथे निराकार चित्रकारांचा एक संघ स्थापन झाला. त्याच्या आरंभीच्या सभासदांत होन होत्या. पण त्यांचे मन हळूहळू दुसरीकडे वळत होते. जॉर्ज रूओ या फ्रेंच ख्रिस्ती चित्रकाराच्या कामाने त्या भारावून गेल्या. रूओ यांनी तरुणपणी काचचित्राच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. त्यांच्या चित्रांतील जाड काळ्या रेषा आणि त्यांच्या आत पेटलेले रंग पाहिले की रंगीत काचेच्या खिडकीचीच आठवण होते. होन यांना निव्वळ आकारांच्या पलीकडे जाऊन ख्रिस्ताचा चेहरा काढावयाचा होता, आणि तो प्रकाशातच काढावयाचा होता.

मुंबई, पुणे व इतर शहरांतील जुन्या चर्चमध्ये वेदीमागच्या रंगीत खिडक्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. ही खिडकी तयार कशी होते, ते थोडक्यात सांगणे उपयोगाचे होईल. प्रथम खिडकीच्या मापाचे पूर्ण रेखाचित्र कागदावर काढतात. मग रंगीत काचांचे तुकडे त्या आकारांप्रमाणे कापतात. चेहरे, बोटे, वस्त्रांच्या चुण्या हा बारकावा गडद रंगाने काचेवर रेखाटून तो तुकडा भट्टीत भाजतात. त्यामुळे तो रंग काचेशी एकजीव होतो. अखेरीस सर्व तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात. काम जड आहे, भट्टीची धग आहे, काचेच्या धारा आहेत. धडधाकट माणसालाही थकवणाऱ्या या कामाकडे चाळिशीच्या उंबरठ्यावरील एक अधू स्त्री वळली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. काच कापणे, शिसे बसवणे यांत कुशल कारागिरांचे साहाय्य त्यांना मिळत असे. परंतु योजना, रंगांची निवड आणि काचेवरील रेखाटन त्यांचे स्वतःचे असे.

या कलेत त्यांना मार्गदर्शन लाभले ते विल्हेल्मिना गेडिस या दुसऱ्या एका थोर आयरिश कलावतीचे. गेडिस त्या वेळी लंडन येथे काम करीत होत्या. १९३४ च्या सुमारास होन यांच्या पहिल्या छोट्या खिडक्या डब्लिनजवळील डंड्रम गावी सेंट नाथी या प्रॉटेस्टंट मंदिरात बसल्या. त्यांच्या बालपणीच्या घरापासून हे स्थळ फार दूर नाही. पुढच्याच वर्षी त्या सेरा पर्सर यांनी १९०३ साली स्थापन केलेल्या सहकारी काचशाळेत दाखल झाल्या. या संस्थेच्या आयरिश नावाचा अर्थ काचेचा मनोरा असा आहे.

१९३७ साली होन यांनी रोमन कॅथोलिक मंडळीत प्रवेश केला. आयर्लंडमध्ये प्रॉटेस्टंट आणि कॅथोलिक यांच्यामधली भिंत केवळ मतांची नव्हती. तिला राजकारण, जमीन आणि रक्तपात यांचा इतिहास होता. अशा देशात हे पाऊल उचलणे सोपे नव्हते. तरीही जेलेट, ज्या अखेरपर्यंत चर्च ऑफ आयर्लंडच्या निष्ठावंत सभासद राहिल्या, त्यांच्याशी होन यांचे सख्य तसेच राहिले. होन यांच्या खिडक्याही दोन्ही मंडळ्यांच्या मंदिरांत आहेत.

१९३९ सालच्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात आयर्लंडच्या दालनासाठी सरकारने त्यांच्याकडून एक मोठी खिडकी करवून घेतली. आयर्लंडचे चार प्रांत म्हणजे चार हिरवी शेते, अशी तिची कल्पना आहे. तिला तेथे प्रथम पारितोषिक मिळाले. आज ती डब्लिनच्या शासकीय भवनात आहे. ज्या शहराने पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या कलेकडे पाठ फिरवली, त्याच शहराच्या राज्यकारभाराच्या इमारतीत त्यांची काच आज प्रकाशते.

वियोग आणि नवा आरंभ

१९४३ आणि १९४४ ही वर्षे होन यांना जड गेली. १९४३ साली सेरा पर्सर निवर्तल्या. त्याच वर्षी होन, जेलेट आणि काही तरुण चित्रकार यांनी मिळून नव्या कलेसाठी एक वार्षिक प्रदर्शन सुरू केले. परंतु फेब्रुवारी १९४४ मध्ये जेलेट कर्करोगाने वारल्या. त्या अवघ्या सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. काचशाळाही १९४४ सालीच बंद झाली. आधार देणारी माणसे गेली, कामाची जागा गेली. वय पन्नास, शरीर अधू.

होन यांनी रॅथफार्नम येथे मार्ले ग्रेंजच्या आवारातील इमारतीत स्वतःची काचशाळा उघडली. त्यांच्या सर्वोत्तम कृती यानंतरच्या आहेत. टलाबेग येथील जेझुइट धर्मगुरूंच्या प्रार्थनामंदिरासाठी त्यांनी १९४२ ते १९४६ या काळात पाच खिडक्या केल्या. ख्रिस्तजन्म, शेवटले भोजन, पवित्र आत्म्याचे अवतरण इत्यादी विषय त्यांत आहेत. त्या खिडक्या आता डब्लिनमधील मनरेसा या ध्यानगृहात आहेत.

या काळात त्यांनी आपल्या देशाच्या प्राचीन ख्रिस्ती शिल्पांचा बारकाईने अभ्यास केला. आयर्लंडमध्ये हजार वर्षांपूर्वीचे उंच दगडी क्रूस आहेत. त्यांवर शास्त्रातील प्रसंग कोरलेले आहेत. त्यांतील माणसे ओबडधोबड, मोठ्या डोळ्यांची आणि कमालीची प्रामाणिक वाटतात. तोच साधेपणा होन यांच्या प्रेषितांच्या चेहऱ्यांत उतरला. त्यांच्या एका छोट्या काचचित्राचा विषय आयरिश लोककथेतला आहे. प्रभू मरण पावला तेव्हा एक कोंबडा हंडीत शिजत होता. मेलेला मनुष्य उठेल तर हा कोंबडाही उठेल, अशी थट्टा झाली, तोच कोंबडा हंडीतून उडी घेऊन आरवू लागला, अशी ती कथा. छळाच्या काळात गरीब आयरिश विश्वासणाऱ्यांनी हा कोंबडा आपल्या क्रूसांवर कोरला. पॅरिसमध्ये शिकलेल्या या चित्रकर्तीला त्या खेडवळ विश्वासात कमीपणा वाटला नाही. तिने त्याला रंग आणि प्रकाश दिला.

ईटनची खिडकी

डिसेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी टाकलेल्या बॉम्बमुळे इंग्लंडमधील ईटन कॉलेजच्या प्रार्थनामंदिराच्या काचा फुटल्या. हे मंदिर पंधराव्या शतकातील, राजा सहावा हेन्री याने बांधवलेले. युद्धानंतर पूर्वेकडील मुख्य खिडकी नव्याने करण्याचे ठरले तेव्हा ते काम ईव्ही होन यांच्याकडे आले. इंग्लंडच्या एका अत्यंत प्रतिष्ठित अँग्लिकन विद्यालयाने हे काम आयर्लंडच्या एका कॅथोलिक स्त्रीकडे सोपवावे, याचा अर्थ दोन्ही देशांचा इतिहास जाणणाऱ्यांना सांगावा लागत नाही. १९४९ ते १९५२ अशी तीन वर्षे या कामाला लागली.

खिडकीच्या वरच्या भागात वधस्तंभावरील प्रभू आहे. त्याखाली शेवटले भोजन आहे. भोजनाच्या एका बाजूस मलकीसदेक आणि दुसऱ्या बाजूस इसहाकाचे अर्पण करणारा अब्राहाम. शास्त्राचे सखोल मनन केल्याशिवाय अशी योजना सुचत नाही. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात शालेमाचा राजा मलकीसदेक अब्रामाला भेटतो आणि भाकर व द्राक्षारस आणतो. तो काही क्षणच दिसतो आणि नाहीसा होतो. पुढे एका स्तोत्रात त्याचे नाव येते, आणि इब्री लोकांस पत्राचा लेखक त्याच्यात ख्रिस्ताच्या याजकपणाचे प्रतिरूप पाहतो. मलकीसदेकाची भाकर, अब्राहामाचे अर्पण, माडीवरील मेज आणि वधस्तंभ ही चारही चित्रे एकाच खिडकीत, एकाच प्रकाशाने उजळतात. शास्त्राच्या आरंभापासून सुवार्तेपर्यंतचा धागा ज्या काही अध्यायांत आपण उलगडून सांगतो, तो येथे उपासकाला एका दृष्टिक्षेपात दिसतो.

आणि हे काम कोणी केले? जिला काठीवाचून चालणे कठीण, जिच्या हातात पुरेसे बळ नाही, अशा पंचावन्न वर्षे उलटलेल्या एका स्त्रीने. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल आपल्या शरीरातील काट्याविषयी लिहितो. तो काटा निघून जावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, पण पुरेशी कृपा मिळाली. होन यांचे जीवन म्हणजे त्या अध्यायाचे एक विवरणच होय.

अखेर

१९५४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यांच्या हाती कामे होती आणि मागण्या येतच होत्या. १३ मार्च १९५५ हा उपवासकाळातील तिसरा रविवार होता. त्या दिवशी रॅथफार्नम येथील आपल्या मंदिरात उपासनेसाठी प्रवेश करीत असतानाच त्यांना मृत्यू आला. त्या साठ वर्षांच्या होत्या. ज्या मुलीचा आजार चर्च सजवताना सुरू झाला, तिची यात्रा चर्चच्या दारातच संपली. १९५८ साली डब्लिन येथे त्यांच्या कामाचे स्मृतिप्रदर्शन भरले, तेव्हा वीस हजारांहून अधिक लोक ते पाहून गेले.

काचेचा एक गुण लक्षात घेण्यासारखा आहे. काच स्वतः प्रकाश देत नाही. रात्री मंदिराच्या आतून पाहिली तर सर्वोत्तम खिडकीही काळी दिसते. काच केवळ प्रकाशाला वाट देते, आणि तशी वाट देताना त्याला असा रंग देते की आपले डोळे तो पाहू शकतात. पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्यालाही हे पदोपदी जाणवते. वचन त्याचे नसते. शब्द तेवढे त्याला निवडायचे असतात, आणि ते निवडताना स्वतः आड न येण्याची दक्षता घ्यायची असते. उपदेशक, शिक्षक, परिचारिका, सुतार, माता या सर्वांचे हेच आहे.

आपल्या मंडळ्यांत आजही अशी मुले-मुली आहेत, ज्यांच्या वहीच्या समासात चित्रे भरलेली असतात. त्यांतील काहींचे शरीर दुर्बल असेल, काही बुजरी असतील. त्यांना सेवेसाठी दुसरे काही करण्यास सांगण्यापूर्वी बसालेलाचा अध्याय एकदा पुन्हा वाचावा. ईव्ही होन यांना आपले पाचारण ओळखण्यासाठी मठापर्यंत जाऊन परत यावे लागले. आपल्या घरातील एखाद्या मुलीला ते घरच्यांच्या आणि मंडळीच्या प्रोत्साहनाने ओळखता आले, तर तिच्या हातून कोणत्या खिडकीत प्रकाश येईल, हे देवच जाणे.